नको ते खोडावे

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात अडतीस माणसं एकाच वेळी हसली. आकडा पक्का आहे. तो मापवाल्यांनी स्वतः मोजला होता, आणि मोजायला त्यांना सवड होती, कारण सभागृहातले एकोणचाळिसावे ते होते.

भिंतीवर ताणून लावलेल्या चादरीवर त्या क्षणी पोस्टमास्तर दिसत होते. पोस्टमास्तर म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. हातात पिशवी घेऊन ते जिन्याच्या सत्ताविसाव्या पायरीवर उभे होते. दोन वर्षांपूर्वी याच चादरीवर, याच पायरीवर, हीच पिशवी घेऊन ते अकरा मिनिटं उभे राहिले होते, तेव्हा एक माणूसही हसला नव्हता. दोघे घोरले होते, पण ती वेगळी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीचा चित्रपट मापवाल्यांचा होता. शनिवारचा त्यांच्या बायकोचा.

मापवाले हे वजनमापे खात्यात निरीक्षक आहेत. दुकानातले तराजू तपासायचे, वजनं खरी आहेत का बघायची, खोट असेल तर तराजूला सील ठोकायचं, हे काम ते सव्वीस वर्षं करत आले आहेत, आणि या काळात त्यांच्या सहीखाली एक ग्रॅमही इकडचा तिकडे झालेला नाही. इमारतीत त्यांचं खरं नाव पत्रपेटीवर आहे. तोंडात सगळ्यांच्या मापवाले.

अशा माणसाला चित्रपट काढायची बुद्धी का व्हावी, याचं उत्तर कुणालाच नीट देता आलेलं नाही. पण त्यांनी काढला. नाव ‘पायरी क्रमांक सत्तावीस’, लांबी एकोणीस मिनिटं. एक म्हातारा जिना चढतो, सत्ताविसाव्या पायरीवर थांबतो, खिडकीतून बाहेर बघतो. संपला. म्हातारा का थांबला, हे चित्रपटात सांगितलेलं नाही. ‘ते सांगायचं नसतं,’ असं मापवाले म्हणत. सांस्कृतिक कार्यालयाच्या हौशी लघुपट स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. ते बैठकीच्या खोलीत लावताना मापवाल्यांनी चौकटीवर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला असूच शकत नाही, असं मापवाल्यांचं मत होतं. नुसतं मत असतं तर चाललं असतं, मतं काय सगळ्यांनाच असतात. पण त्यांच्याकडे वही होती. त्रेसष्ट चित्रपटांचे दुसरे भाग त्यांनी पाहिले होते आणि कथा, अभिनय, संगीत, शेवट असे रकाने पाडून गुण दिले होते. त्रेसष्टांपैकी एकही पहिल्याच्या पुढे गेला नव्हता. जे दोन बरोबरीत आले, त्यांचे पहिले भाग मापवाल्यांनी पुन्हा पाहिले आणि अर्धा अर्धा गुण वाढवला.

“पहिल्या भागात माणसाला काहीतरी सांगायचं असतं,” ते म्हणत. “दुसऱ्यात निर्मात्याला काहीतरी विकायचं असतं.”

“असं कसं?” सोसायटीचे सेक्रेटरी एकदा म्हणाले होते. “मला तर कितीतरी दुसरे भाग जास्त आवडलेत.”

“ज्याला दुसरा आवडतो, त्यानं पहिला नीट पाहिलेला नसतो.”

यावर सेक्रेटरी गप्प बसले, पण मापवाल्यांची बायको बसली नाही. ती दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. ताटकळत बसलेली माणसं दिवसभर बघायची तिला सवय आहे. ती म्हणाली, “अहो, पहिल्या भागात ओळखी करून देण्यातच निम्मा वेळ जातो. हा कोण, ती कोण, याचं तिच्याशी काय. दुसऱ्या भागात माणसं घरची झालेली असतात. मग खरी गंमत सुरू होते.”

“उदाहरण दे.”

“लग्न,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. हे होकारार्थी उदाहरण होतं की नकारार्थी, यावर मापवाले दोन दिवस विचार करत होते.

तिच्या चित्रपटाचं मूळ जिन्यातच आहे. ‘पायरी क्रमांक सत्तावीस’ दाखवल्यापासून येणारा-जाणारा तिला गाठून विचारायचा, “वहिनी, तो म्हातारा थांबला का होता हो?” मापवाल्यांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती. दोन वर्षं तिनं ‘त्यांनाच विचारा’ म्हणून वेळ मारून नेली. मग मापवाले अकरा दिवस तपासणीच्या दौऱ्यावर गेले, आणि परत आले तेव्हा तिनं चहा देताना सांगितलं, “थोडं शूटिंग केलं. पुढचा भाग.”

मापवाले समंजसपणे हसले. फोन हातात धरून चित्रीकरण करू नये, हात हलतो, असा सल्लाही त्यांनी दिला. चित्रपटाचं नाव विचारलं.

“पायरी क्रमांक अठ्ठावीस.”

ते आणखी समंजसपणे हसले. शनिवारी संध्याकाळी सहा बेचाळीसपर्यंत ते हसू टिकलं.

अठ्ठाविसाव्या पायरीची गोष्ट अशी. म्हातारा जिन्याच्या मधोमध थांबलाय, कारण आपण वर चाललो होतो की खाली, हेच त्याला आठवत नाही. विचारायची लाज वाटते. जिन्यातून जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देतो. एक म्हणतो, पिशवी भरलेली आहे, म्हणजे तुम्ही वर चाललात. दुसरा म्हणतो, पिशवीत रद्दी आहे, म्हणजे खाली. तिसरा म्हणतो, दम लागलाय ना, मग वरच. पोस्टमास्तर म्हणतात, “दम मला बसल्या जागीही लागतो.” इथे ती अडतीस माणसं हसली.

अकराव्या मिनिटाला म्हाताऱ्याची बायको खालून वर येते. हे काम दिग्दर्शिकेनं स्वतःच केलं होतं. ती विचारते, “का हो थांबलात?” म्हातारा क्षणभर तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, “तुझीच वाट बघत होतो.” ती त्याच्या हातातली पिशवी घेते. खोटं आहे हे तिला कळलेलं आहे, आणि तिला कळलंय हे त्यालाही. दोघं चालू लागतात. वर की खाली, ते दिसत नाही.

सभागृह आधी हसलं, मग एकदम शांत झालं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मापवाल्यांना खोकला आला. तो त्यांनी बराच वेळ चालवला.

दिवे लागले. सेक्रेटरी हातात कागद घेऊन पुढे आले. सांस्कृतिक कार्यालयानं यंदा स्पर्धेत नवा विभाग ठेवला होता: ‘मूळ भागापेक्षा सरस ठरलेला दुसरा भाग’. प्रवेशिका सोमवारी दुपारी बारापर्यंत. एकच अट होती. मूळ भागाच्या दिग्दर्शकानं नमुना सातवर सही करून तसं निवेदन द्यायचं.

“म्हणजे मापवाल्यांनी!” सेक्रेटरी आनंदानं म्हणाले. त्यांच्या आनंदात त्या वहीचा हिशेब चुकता झाल्याचा सूर होता.

रविवारी सकाळपासून सल्ले सुरू झाले. पहिले आले पोस्टमास्तर.

“सही करा,” ते म्हणाले. “तुमच्या पिक्चरमध्ये मी अकरा मिनिटं उभा होतो. माझे गुडघे त्या पायरीवर गेले ते परत आलेच नाहीत. वहिनींनी मला दर शॉटनंतर खुर्ची दिली.”

“खुर्ची हा कलेचा निकष नाही.”

“तुम्ही सत्तरीला या, मग बोलू.”

दुसऱ्या मजल्यावरचा सुतार दाराची कडी दुरुस्त करायला म्हणून आला. कडी ठीक होती. त्यानं नमुना सात उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, “हे सरस म्हणजे आमचा लाकडाला लावायचा?”

“नाही. सरस म्हणजे जास्त चांगला.”

“असं होय. मला वाटलं तोच. पण गंमत बघा, आमचा सरस लावला की दोन फळ्या सुटत नाहीत. तुमच्या सरसानं सुटायची वेळ आलेली दिसते.”

मापवाल्यांनी त्याला कडी दाखवून वाटेला लावलं. मग मोठ्या बहिणीचा फोन आला. चित्रपट तिला कुणीतरी पाठवला होता. कुणी, ते तिनं सांगितलं नाही.

“अरे, करून टाक सही.”

“ताई, तपासल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही.”

“लग्नाच्या कागदावर केलीस तेव्हा काय तपासलं होतंस? आणि सरस निघालीच ना ती?” आणि लगेच पुढे, “तुझा पहिला भाग बघताना माझा डोळा लागला होता बरं का. वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते. आता बोलते.”

दुपारी बायको एका मैत्रिणीकडे गेली. मापवाल्यांनी खोलीचं दार लावलं, वही काढली, चौसष्टावं पान उघडलं, आणि थांबघड्याळ लावून दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले. लांबीत पहिला भाग पुढे होता. शांततेत पुढे होता. हात न हलण्यात तर फारच पुढे होता. मापवाल्यांना बरं वाटू लागलं होतं, तेवढ्यात दुसऱ्या भागात खिडकी आली.

तो शॉट त्यांचाच होता. बायकोनं पहिल्या भागातून उचलला होता. खिडकी, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला एक शर्ट, आणि वाऱ्यानं हलणारी त्याची बाही, जणू कुणी बोलावतंय. मूळ भागात तो तीन मिनिटं चाळीस सेकंद चालतो. तिनं सहा सेकंद ठेवला होता. सहा सेकंदांत तो शॉट सुंदर होता. तीन मिनिटं चाळीस सेकंदांत ती नुसती खिडकी होती.

मापवाल्यांनी ते सहा सेकंद नऊ वेळा पाहिले. वहीत काहीही न लिहिता वही मिटली.

आता कुणालाही वाटेल की यानंतर त्यांनी मुकाट्यानं सही केली असेल. पण मापवाले नमुना सात वाचायला बसले, आणि वाचण्यानंच घात केला. कागदावर छापलं होतं: ‘सदर दुसरा भाग मूळ भागापेक्षा सरस आहे / नाही. (नको ते खोडावे.)’

खात्याच्या छापील कागदांवर ‘लागू नसेल ते खोडावे’ असं असतं. तसं असतं तर प्रश्नच नव्हता. काय लागू आहे, हे त्यांना नऊ वेळा दिसलं होतं. पण इथे ‘नको ते’ होतं. मापवाल्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, की आपल्याला या दोहोंपैकी काय नको आहे? उत्तर ताबडतोब आलं. त्यांनी पट्टी ठेवली आणि ‘आहे’ खोडलं. रेघ अगदी सरळ आली. खाली सही केली.

संध्याकाळी बायकोनं कागद वाचला.

“मोजलंत?”

“मोजलं.”

“बरं.”

तिनं कागद पाकिटात घातला. पाकीट चिकटवलं. चहात साखर बरोबर होती. टेबलावर दुसऱ्याच विषयांवर गप्पा झाल्या, आणि त्या चांगल्या झाल्या. भांडण झालं असतं तर निदान बाजू मांडता आली असती. मापवाल्यांकडे मुद्दे तयार होते, रकान्यांसकट. ते कुणी मागितलेच नाहीत.

“पाकीट देणार आहेस?” त्यांनी शेवटी विचारलं.

“हो. सकाळी दवाखान्यात जाता जाता. घ्यायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.”

सोमवारी सकाळी दहा वाजता मापवाले एका भाजीच्या दुकानात तराजू तपासत होते. पारड्याच्या बुडाशी चिकटवलेला लोहचुंबक निघाला. हे नेहमीचं होतं. नेहमीप्रमाणे दुकानदार गयावया करू लागला. “साहेब, काटा तसा खरा आहे हो. जरासा माझ्या बाजूला झुकतो एवढंच.”

मापवाल्यांनी सील ठोकण्यासाठी उचललेला हात तसाच राहिला.

“काय म्हणालास?”

“जरासा, साहेब. आपलाच काटा, आपल्या बाजूला जरा झुकणार नाही तर कुणाच्या?”

तराजूला सील ठोकलं गेलं, पण ते वाकडं बसलं. सव्वीस वर्षांतलं पहिलं. मापवाले तिथून निघाले ते थेट सांस्कृतिक कार्यालयात. अकरा वाजून चौतीस मिनिटांनी ते तीन नंबरच्या खिडकीपुढे उभे होते.

खिडकीवरच्या बाईंनी पाकीट शोधून काढलं. “हे काय, आलंय की. नऊ पन्नासला. बाई स्वतः देऊन गेल्या.”

“त्यातला नमुना सात मला परत हवाय. त्यात चूक झालीय.”

“दाखल झालेला कागद परत मिळत नाही.”

“मग दुसरा नमुना द्या.”

“एका चित्रपटाला एकच नमुना.” बाईंनी कागद जवळ धरून पाहिला. “आणि चूक कुठाय? रेघ तर किती छान मारलीय.”

“रेघ चुकीच्या शब्दावर मारलीय.”

“मग ‘नाही’वर पण मारा.”

“म्हणजे तो सरस आहेही नाही, आणि नाहीही नाही?”

“तेही खरंच.” बाईंना दया आली असावी. त्या खिडकीजवळ झुकल्या. “असं करा. पहिलं निवेदन रद्द होत नाही, पण त्याला दुसरं जोडता येतं. साध्या कागदावर. आमचे साहेब दोन्ही वाचतात आणि पटेल ते धरतात.”

“म्हणजे दुसरं पहिल्यापेक्षा सरस असेल तर…”

“तर ते धरतात. पण तुम्हाला खरं सांगू का? दुसरं बहुधा पहिल्यापेक्षा चांगलं नसतंच. घाईत लिहितात ना लोक. पहिल्यात निदान काहीतरी सांगायचं असतं.”

मापवाल्यांनी दोन कोरे कागद घेतले आणि भिंतीकडेच्या बाकावर बसले. हातात तेवीस मिनिटं होती. पट्टी जवळ नव्हती.

त्यांनी लिहिलं, ‘पहिल्या निवेदनाच्या वेळी माझा काटा माझ्या बाजूला झुकलेला होता.’ ते लिहून झाल्यावर पुढचं भराभरा येऊ लागलं. खिडकीच्या सहा सेकंदांबद्दल लिहिलं. मग, मूळ भागातला म्हातारा का थांबला हे त्याच्या दिग्दर्शकाला चित्रीकरण संपेपर्यंत सुचलंच नव्हतं; ‘ते सांगायचं नसतं’ हे त्यानं मागाहून ठरवलं, असंही लिहिलं. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. इथे पहिलं पान संपलं. दुसरं पान त्यांनी मान वर न करता लिहिलं, आणि अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी दोन्ही खिडकीतून आत सरकवली. ओळी तिरक्या गेल्या होत्या.

बाईंनी वाचलं. शेजारच्या खिडकीवरच्या गृहस्थांना बोलावून वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“हे दुसरं बरं आहे हो,” ते बाईंना म्हणाले.

“पहिल्यापेक्षा कितीतरी,” बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

मापवाल्यांनी घाम पुसला. “झालं तर मग.”

“झालं कसं? दोन निवेदनं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. अशा वेळी प्रवेशिका देणाऱ्यानं दोन्ही वाचून खाली ‘मान्य’ म्हणून सही करायची असते. बुधवारी बाईंना पाठवा. त्यांनी सही केली तर चित्रपट स्पर्धेत, नाही तर बाहेर.”

“तिनं… वाचायलाच हवं?”

“न वाचता सही कशी करणार?”

“पहिलं तिनं वाचलंय. दुसरं न दाखवता काही होणार नाही का?”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “बायकोबद्दल चांगलं लिहिलंय, आणि ते तिलाच दाखवायचं नाही?”

“तसं नव्हे,” मापवाले म्हणाले. “पण असं आमच्यात तोंडी बोलणं होत नाही.”

“मग लेखी होऊ द्या,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बुधवारी मापवाल्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायकोनं दवाखान्यात कुणालातरी आपल्या जागेवर बसवलं. बसमध्ये दोघं शेजारी बसली.

“परत काय खोडलंत?” तिनं विचारलं.

“काही नाही. लिहिलंय.”

“किती?”

“दोन पानं.”

तिनं तिकिटं पर्समध्ये ठेवली. “मी तुम्हाला सही मागितलीच नव्हती,” ती म्हणाली. “कळलं का? मी फक्त विचारलं होतं, मोजलंत का.”

मापवाल्यांना उत्तर सुचलं तेव्हा थांबा आला होता.

कार्यालयात तीन नंबरच्या बाईंनी तिला साहेबांच्या खोलीत नेलं. मापवाल्यांना बाहेर थांबायला सांगितलं. वाचताना दुसरा पक्ष समोर असू नये, असा नियम आहे म्हणे. दार लागलं तेव्हा बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दोन पानं, तिरक्या ओळी धरूनही, पाच मिनिटांचं काम. बारा पंचावन्नला तीन नंबरच्या बाई एकट्याच बाहेर आल्या, त्यांनी पाण्याचा पेला भरून घेतला आणि त्या पुन्हा आत गेल्या.

एक वाजून दहा मिनिटांनी दार बंदच होतं. सहा सेकंद आपणही नऊ वेळा पाहिले होते, हे मापवाल्यांना आठवलं आणि ते बाकावर बसून तिची वाट बघू लागले.